५१२७ वा नमुना

मोठ्या मसाला गिरणीत पल्व्हरायझरच्या, म्हणजे पूड करणाऱ्या यंत्राच्या, वर पत्र्याचे एक नरसाळे उभे असते. पूड मिसळलेली हवा त्यात कडेने शिरते, भोवऱ्यासारखी फिरते. जड पूड भिंतीला घासत खाली उतरते आणि हवा मधल्या नळीने वर निघून जाते. हा सायक्लोन. कारखान्यांत तो एकोणिसाव्या शतकापासून आहे, म्हणजे ब्रिटिश संशोधक जेम्स डायसन यांनी तो शोधला नाही. त्यांनी तो इंग्लंडमधल्या एका लाकूड कापण्याच्या कारखान्यावर पाहिला आणि घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये बसवायचे ठरवले.

१९७८ साली त्यांना खटकत होती ती क्लीनरची पिशवी. पिशवी धूळ साठवते, पण हवाही तिच्याच छिद्रांतून बाहेर पडते. बारीक धुळीचा पातळ थर बसला की छिद्रे बुजतात आणि पिशवी भरायच्या आधीच ओढ कमी होते. डायसन यांनी पिशवी काढून पुठ्ठ्याचा शंकू चिकटपट्टीने जोडला. यंत्र चालले! इथवरचे काम हौशी माणसालाही जमले असते.

त्यानंतर सुमारे पाच वर्षे आणि ५१२७ नमुने लागले, म्हणजे सुट्टी न घेता रोज जवळपास तीन. हवा आत शिरण्याचे तोंड, शंकूचा उतार, बाहेरच्या नळीची लांबी, सगळे एकमेकांत गुंतलेले. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि निकाल सुधारला, तर श्रेय कोणत्या बदलाचे हे कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल. कंटाळवाणे आहे, पण दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

हवेचा वेग सेकंदाला १५ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३ सेंटिमीटर धरली, तर धूलिकण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७६५ पट जोराने भिंतीकडे ढकलला जातो. पण केस आणि कापसाचे पुंजके हलके व पसरट असतात. ते हवेबरोबर वाहत मधल्या नळीत शिरतात. त्यावरचा उपाय म्हणजे एकात एक दोन सायक्लोन: बाहेरचा रुंद, पुंजक्यांसाठी, आतला अरुंद, बारीक धुळीसाठी.

प्रस्थापित उत्पादकांनी हे यंत्र घ्यायला नकार दिला. पिशव्या विकणे हा त्यांचा चांगला धंदा होता. १९८६ मध्ये जपानमध्ये परवान्यावर यंत्र निघाले आणि १९९३ मध्ये डायसन यांचे स्वतःचे डीसी०१ हे मॉडेल. याआधी चेंडूच्या चाकाच्या हातगाडीचे पेटंट त्यांनी कंपनीच्या नावे केले होते. १९७९ मध्ये कंपनीतून बाहेर पडावे लागले तेव्हा ते पेटंट मागेच राहिले. सायक्लोनचे हक्क मात्र त्यांनी हातचे जाऊ दिले नाहीत, म्हणूनच २००० साली हूव्हर या व्हॅक्यूम क्लीनर कंपनीविरुद्धचा पेटंटचा दावा जिंकता आला.

भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. प्रदर्शनात किंवा व्हिडिओत वस्तू दाखवण्याआधी अर्ज करा, नाहीतर नावीन्यच संपते. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरता येतो. व्यक्तीसाठी ऑनलाइन मूळ शुल्क १६०० रुपये, तपासणीचे वेगळे. घोडे अडते ते मजकुरात. ‘हवा फिरवून धूळ वेगळी करणे’ एवढेच लिहिले, तर मागून सुचलेल्या दुहेरी शंकूला त्या अर्जाच्या तारखेचा लाभ मिळत नाही. आकृत्या, मापे, पर्यायी रचना, हाताशी असेल ते सगळे त्यातच घाला. पूर्ण तपशील १२ महिन्यांत दिला नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते.