पॅनेलच्या स्विचमधला रिकामा पोर्ट रिकामाच राहू द्या

"रिपोर्ट ऑफिसात बसून बघायचेत, मग पीएलसीचा स्विच ऑफिसच्या लॅनला जोडला तर काय बिघडतं?" हे इतक्यांदा विचारलं जातं की शेवटी लिहूनच काढलं. (पीएलसी म्हणजे पॅनेलमधला, मशीन चालवणारा कंट्रोलर.)

मध्ये एका साइटवर एचएमआय (ऑपरेटरची टच स्क्रीन) सारखा कम्युनिकेशन एरर दाखवत होता. आम्ही केबल बदलली, पोर्ट बदलला, अर्धा दिवस त्यातच गेला, आणि मग दिसलं की पॅनेलच्या मागून एक निळा पॅचकॉर्ड ऑफिसच्या स्विचला गेलाय, कुणीतरी "दोन दिवसांसाठी" लावलेला, आणि पीएलसीचाच आयपी तिकडे प्रिंटरलाही दिलाय. नशीब, नुसता प्रिंटर होता. पीएलसी नेटवर्कवर ज्या भाषेत बोलतो ती मॉडबस १९७९ ची, साध्या मॉडबसमध्ये पासवर्ड ही भानगडच नाही, त्यामुळे नेटवर्कवर आलेला कुणीही पोर्ट ५०२ वरून पीएलसीच्या रजिस्टरमध्ये (मेमरीच्या खणात) आकडा लिहू शकतो आणि पीएलसी तो मुकाट्याने मानतो. ऑफिसातल्या एखाद्या पीसीवर मेलमधून काही आलं की तीच निळी केबल त्याची वाट.

म्हणून आम्ही मध्ये फायरवॉल टाकतो, डेटा वेगळ्या सर्व्हरवर काढतो, ऑफिसने तिथूनच वाचायचा. आम्हाला बाहेरून यायचं असलं तरी व्हीपीएन (बाहेरून आत यायची सुरक्षित लाइन) तुम्ही चालू केला तरच. कोटेशनमधली ही लाइन कापायला सगळ्यांचा हात शिवशिवतो, माहितेय.

तरीही कुणीतरी आत शिरेलच असं धरूनच डिझाइन करतो. सेटपॉइंटची (ऑपरेटर ठरवतो त्या आकड्याची) लिमिट स्क्रीनवर नाही, पीएलसीच्या प्रोग्राममध्ये. हाय प्रेशर ट्रिप (दाब वाढला की मशीन बंद करणारा) आणि इमर्जन्सी स्टॉप सरळ वायरने रिलेवर, नेटवर्क मेलं तरी चालणारे. आणि टाकीवरचा काट्याचा गेज "आता स्क्रीनवर दिसतंय की" म्हणून काढू नका. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट व्हायरसने इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रात सेंट्रिफ्यूजचे वेग बिघडवले आणि ऑपरेटरला मात्र आधी रेकॉर्ड केलेले नॉर्मल आकडे दाखवत ठेवले.

कंट्रोलरचा रन/प्रोग्राम मोड बदलायच्या चावीचंही तेच. २०१७ च्या ट्रायटन सायबर हल्ल्यात सेफ्टी कंट्रोलरची चावी प्रोग्रामवर राहिली होती, म्हणून त्यात बाहेरचा कोड घुसवता आला. तुमच्या पीएलसीला चावी असेल तर रनवर फिरवून काढून घ्या, खिशात ठेवा, पॅनेलच्या दारावर खिळ्याला टांगू नका (हो, बघितलंय).

ऑफिसात रिपोर्ट हवेच असतील तर केबल ओढायच्या आधी एक फोन करा. तुमचं ड्रॉइंग आणि प्रोग्रामचा बॅकअप आमच्याकडे आहेच, आणि एएमसी असेल तर बघायला येण्याचे वेगळे पैसे नाहीत.