झाकण मिटल्यावर: स्लीप की हायबरनेट?

रात्री फुल चार्ज केलेला लॅपटॉप झाकण मिटून बॅगेत टाकला आणि सकाळी नाशिकरोडला पंचवटी पकडली. इगतपुरीला वडा घेताना बॅगेला हात लागला, तर वड्यापेक्षा बॅगच गरम! उघडून बघतो तो पंखा घरघरतोय आणि बॅटरी 41 टक्क्यांवर. महिनाभर मी बॅटरीच गेली असं धरून चाललो होतो, नवीन टाकायचे भावही विचारून झाले होते. बॅटरी ठणठणीत होती. झाकण मिटलं की लॅपटॉप बंद होतो, हा माझा समजच चुकीचा होता. तो स्लीपमध्ये जात होता.

स्लीप म्हणजे मेनरोडवरच्या दुकानाचं अर्धं शटर. मालक जेवायला गेलाय, माल काउंटरवर तसाच, पोऱ्या राखण करतोय. उघडलेल्या फायली, ब्राउझरचे टॅब, सगळं रॅममध्ये, म्हणजे कामापुरत्या तात्पुरत्या मेमरीत असतं आणि वीज गेली की रॅम कोरी होते. वीज असतानाही तिच्यातली माहिती झिरपून जाते, म्हणून साधारण दर 64 मिलीसेकंदांना ती पुन्हा भरावी लागते. थोडी का होईना, वीज लागतेच.

हायबरनेटमध्ये हाच सगळा पसारा डिस्कवर एका फाइलमध्ये उतरवला जातो आणि मशीन पूर्ण बंद होतं. हिशेब वहीत, दुकानाला कुलूप. दोन दिवसांनी उघडा, बॅटरी जवळजवळ तेवढीच आणि अर्धवट टाइप केलेलं वाक्यही जागेवर. (मराठीत याला शीतनिद्रा म्हणायला हरकत नाही, पण दुरुस्तीच्या दुकानात म्हणून बघा.)

मग गरम का झाला? आजच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोप, म्हणजे एस3, उरलेलीच नाही. तिच्या जागी मॉडर्न स्टँडबाय आलं: झाकण मिटलेलं असतानाही मधूनमधून मेल तपासायचे, अपडेट ओढायचे, फोनसारखं. कल्पना चांगली, पण एखादा प्रोग्राम किंवा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) अडून बसला की मशीन बॅगेतच जागं राहतं. तुमच्याकडे कोणती झोप आहे ते कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी) 'पॉवरसीएफजी', एक स्पेस, मग 'स्लॅश ए' इंग्रजीत टाइप केलं की दिसतं.

हायबरनेट बहुतेक लॅपटॉपवर असतं, मेनूत मात्र सहसा लपवलेलं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबल्याशिवाय खालच्या हायबरनेटच्या चौकोनात टिक होत नाही, आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. त्याच पानावर झाकण मिटल्यावर काय करायचं तेही ठरवता येतं. मी 'ऑन बॅटरी'खाली हायबरनेट ठेवलंय, 'प्लग्ड इन'खाली स्लीप.

सरसकट हायबरनेट मात्र कटकटीचं. दोन मीटिंगांच्या मध्ये चहाला उठताना स्लीपच बरं, झाकण उघडलं की स्क्रीन हजर. हायबरनेटमधून उठायला एसएसडी या वेगवान डिस्कवरही काही सेकंद जातात, जुन्या हार्डडिस्कवर तर चहाच होतो. आणि झाकण मिटल्या मिटल्या बॅगेत कोंबू नका. पंखा थांबू द्या, लाइट विझू द्या, मग चेन लावा.