पंचवीस एकरांचा डबा

अमळनेरच्या त्या भंगारवाल्याकडे आम्ही पोचलो तेव्हा तो हातोडी घेऊनच बसला होता. पुढ्यात राखाडी रबराचा एक मुखवटा. दोन वाटोळ्या काचा, तोंडापासून लोंबणारी घड्याघड्यांची नळी आणि नळीच्या टोकाला हिरवा पत्र्याचा डबा. अलंगला तोडलेल्या जहाजांच्या मालात आला असावा, असं त्याचं म्हणणं. त्याचा पोरगा मुखवटा हातात फिरवत विचारत होता, "हाई काय शे? हत्तीनं तोंड शे का?"

रबराचा भाव वेगळा, पत्र्याचा वेगळा, म्हणून डबा फोडून आतला कचरा फेकायचा बेत होता. नानांनी किंमतही न विचारता त्याच्या हातून डबा काढून घेतला. नाना भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले. पंधरा-वीस वर्षांपासून जुने लष्करी गॅस मास्क जमवतात. घरच्यांना हा छंद अजून पटलेला नाही, आणि मे महिन्यात त्यांच्या कपाटातून येणारा रबराचा वास घेतला की मलाही घरच्यांचंच पटतं.

पण या डब्यात नानांना जे दिसतं ते मजेशीर आहे.

पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने 5,700 हून अधिक नळकांड्यांतून 150 टनांवर क्लोरीन हा विषारी वायू वाऱ्यावर सोडला. समोरच्या खंदकांत कुणाकडेच मुखवटा नव्हता. चारच दिवसांनी त्याच आघाडीवर हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन उतरवली गेली, तीही तशीच, नाकाला ओलं फडकं लावून. जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं ते 26 एप्रिलच्या याच लढाईत. वायूची बाधा त्यांनाही झाली होती.

ओल्या फडक्यानंतर आला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओंच्या अंधाऱ्या खोलीत फोटो पक्का करायला असायचा, तोच. हायपोशी गाठ पडली की क्लोरीनचं निरुपद्रवी क्लोराइड होतं. म्हणून फ्लॅनेलची पिशवी हायपोत भिजवायची आणि सरळ डोक्यावरून ओढायची. क्लोरीनपुरतं हे ठीक. फॉस्जीन हा दुसरा विषारी वायू आला तेव्हा फ्लॅनेल नव्या रसायनांत भिजवावं लागलं. प्रत्येक नव्या विषाला नवं रसायन शोधत बसायचं, तर शत्रू कायम एक पाऊल पुढेच राहणार.

यातून वाट काढली ती कोळशाने. रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी 1915 मध्ये सक्रिय कोळशाचा मुखवटा सुचवला. इंग्लंडात एडवर्ड हॅरिसन यांच्या गटाने कोळसा आणि चुना-परमँगनेटचे दाणे एकाच डब्यात भरले. हे लोक विषारी वायूंचे प्रयोग स्वतःवर करत. युद्ध संपायला आठवडा उरला असताना हॅरिसन न्यूमोनियाने गेले.

कोळसा साधा चालत नाही. नारळाच्या करवंटीचा कोळसा 800 ते 1000 अंशांवर वाफेत भाजला की वाफ त्याला आतून कुरतडते आणि डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतकी बारीक भोकं पडतात. अशा 1 ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग साधारण 1,000 चौरस मीटर भरतो. शेतकऱ्याच्या हिशेबात दहा गुंठे! डब्यात 100 ग्रॅम कोळसा धरला तरी पंचवीस एकर झाले. विषारी वायूचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात, यालाच अधिशोषण म्हणतात. घरच्या पाण्याच्या फिल्टरमधला काळा भाग तोच. जे वायू नुसत्या कोळशाला नीट चिकटत नाहीत, उदाहरणार्थ हायड्रोजन सायनाइड, त्यांच्यासाठी पुढे कोळशावर तांबं, चांदी आणि क्रोमियमची संयुगं चढवली गेली. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक निघालं.

खरी गंमत धुराची आहे. वायूचा रेणू उधळलेल्या वासरासारखा सैरावैरा धावतो. कोळशाच्या दाण्यांतून जाताना तो कुठे ना कुठे भिंतीला धडकतोच. धुराचा कण रेणूच्या मानाने अजस्र आणि सुस्त, हवेबरोबर दाण्यांच्या फटींतून सरळ निघून जातो. जर्मनांनी हे हेरलं. 1917 च्या जुलैत त्यांनी आर्सेनिकच्या संयुगांचे तोफगोळे आणले. धूर मुखवट्यात शिरेल, सैनिक शिंका-ओकाऱ्यांनी हैराण होऊन मुखवटा काढेल आणि मग खरा वायू सोडायचा, असा डाव. तोफगोळ्यातून धूर पुरेसा बारीक होईना, म्हणून डाव बराचसा फसला. पण तेव्हापासून डब्यात कोळशाच्या जोडीला तंतूंची गाळणी आलीच. आणि स्वस्त, न जळणारे, अतिशय बारीक तंतू म्हटले की त्या काळी एकच नाव होतं: अ‍ॅस्बेस्टॉस.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकी डब्यांत निळं अ‍ॅस्बेस्टॉस असे, म्हणजे त्यातलंही सर्वांत घातक. ते डबे भरणाऱ्या कारखान्यांतल्या अनेक बायका काही दशकांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या काळातल्या काही रशियन डब्यांतही अ‍ॅस्बेस्टॉस सापडलं आहे. हा डबा त्यातलाच असेल, तर हातोडीच्या एका घावाने आमच्यासकट त्या पोराच्याही छातीत ते तंतू गेले असते. म्हणून नाना डबा कधी उघडत नाहीत आणि मुखवटा कुणाला, नातवालासुद्धा, तोंडाला लावू देत नाहीत. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे डबा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करायचं. आत काय आहे असं कुणी विचारलंच, तर ते पाण्याच्या फिल्टरमधला काढून ठेवलेला कोळसा वाटीत दाखवतात.

एकदा एक शेतकरी त्यांच्याकडे मुखवटा मागायला आला होता. जुन्या विहिरीतला गाळ काढायचा होता, आत जीव घुसमटतो म्हणे. नानांनी त्याला खाली बसवून तासभर समजावलं. मुखवटा हवा गाळतो, हवा तयार करत नाही. बंद विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो, तो हवेहून दीडपट जड. ऑक्सिजन एरवी हवेत 21 टक्के असतो, तो निम्म्याखाली गेला की माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडू शकतो. आत डिझेलचा पंप चालवला असेल तर कार्बन मोनॉक्साइड, आणि तोही या कोळशाला जुमानत नाही. तिथे पाठीवर स्वतःच्या हवेचं सिलिंडर घेतलेला माणूसच उतरू शकतो. शेतकरी जरा नाराज होऊनच गेला. मोठा थोरला लष्करी मुखवटा, आणि साध्या विहिरीला चालत नाही म्हणजे काय!

नानांची रोजची लढाई मात्र उन्हाशी. नैसर्गिक रबराच्या लांब साखळ्यांमध्ये जागोजागी दुहेरी बंध असतात. ऑक्सिजन आणि ओझोन नेमके तिथेच हल्ला करतात, ताणलेल्या किंवा घडी पडलेल्या रबरावर तर जास्तच. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशी रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. भुसावळचा पारा 45 च्या वर गेला की लंडनच्या तळघरात कित्येक वर्षं टिकणारं रबर इथे किती टिकेल, याचा अंदाज करा. म्हणून मुखवटे खालच्या खोलीत, अंधाऱ्या कपाटात, आत कागदाचे बोळे भरून, एकही घडी न पडू देता. तेलाचा हात लावायचा नाही, तेलाने रबर फुगतं. रबरावर पांढरी भुकटी दिसली तर घासायची नाही. ती बुरशी असेलच असं नाही. बऱ्याचदा ते रबरात घातलेलं मेण किंवा गंधक असतं, वर आलेलं. मेण असेल तर तेच त्याला ओझोनपासून वाचवत असतं.

अमळनेरच्या मुखवट्याची नळी मात्र हातात घेताच दोन ठिकाणी तडकली.