'स्पेसिफिक बाइंडिंग': वजाबाकीत उरलेला आकडा

रिसेप्टरची, म्हणजे औषध किंवा संप्रेरक जिथे चिकटून परिणाम करते त्या पेशीवरच्या जागेची, कल्पना जुनीच. मेंदूच्या ऊतीत तो मोजण्याची कथा १९७० च्या दशकातली. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाला उंदराच्या मेंदूत चिकटलेल्या लेव्हॉर्फॅनॉल या अफूवर्गीय औषधापैकी जेमतेम २ टक्के भाग रिसेप्टरच्या खात्यावर टाकता आला. दोनच वर्षांनी बाल्टिमोर, न्यूयॉर्क आणि उप्साला इथे अफूवर्गीय औषधांचे रिसेप्टर स्वच्छ दिसले. मेंदू तोच होता, पण लिगंडवर (रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूवर) ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, भरपूर चढवल्यामुळे त्याची अगदी थोडी मात्रा पुरत होती आणि सैल चिकटलेला भाग थंड बफरने झटपट धुऊन काढता येत होता.

घोळ आहे तो 'स्पेसिफिक', म्हणजे फक्त रिसेप्टरला झालेले बंधन, या शब्दाचा. हे बंधन थेट कुणी मोजत नाही. आधी ऊतीला चिकटलेल्या लिगंडचा एकूण किरणोत्सार मोजायचा, मग रिसेप्टरच्या जागा अडवणारे दुसरे, बिनकिरणोत्सारी औषध भरमसाट घालून पुन्हा मोजायचा आणि वजाबाकी करायची. उरेल ते स्पेसिफिक. म्हणजे उत्तर ऊतीइतकेच या दुसऱ्या औषधाच्या निवडीवरही ठरते. स्पायपेरोन हा लिगंड मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागात मुख्यतः डोपामाइनच्या डी२ रिसेप्टरला चिकटतो, पुढच्या फ्रंटल कॉर्टेक्समध्ये सेरोटोनिनच्या (डोपामाइन आणि सेरोटोनिन ही मेंदूतली संदेशवाहक रसायने). वजाबाकीला ब्युटाक्लॅमॉल हे औषध घेतले तर दोन्ही जागा 'स्पेसिफिक' ठरतात. सल्पिराइड घेतले तर फक्त डोपामाइनची. १९७५ मध्ये तर इन्सुलिन चक्क टाल्कच्या भुकटीला रिसेप्टरसारखेच चिकटते, जागा भरल्या की थांबतेसुद्धा, असे दाखवले गेले. एवढ्यावर सगळ्यांनी हात आखडता घ्यायला हवा होता. उलट नव्या जागांच्या नावांचे पीकच आले. त्या काळी बंधनावरून 'डी३' म्हटलेली जागा पुढे जुन्याच रिसेप्टरची घट्ट धरणारी अवस्था निघाली. १९९० मध्ये जनुकावरून सापडलेला डी३ वेगळाच. जुने शोधनिबंध वाचताना ही गल्लत आजही होते.

पुढे हीच वजाबाकी जिवंत माणसात आली. १९८३ पासून पेट स्कॅनमध्ये (शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी रेणूचे बाहेरून चित्र घेणाऱ्या तपासणीत) डोपामाइन रिसेप्टर दिसू लागले, तेही सुमारे २० मिनिटांत निम्मा होणाऱ्या किरणोत्सारी कार्बन-११ ने. इथे मेंदूत भरमसाट औषध ओतता येत नाही, म्हणून ज्यात डी२ जवळपास नाहीत त्या लहान मेंदूचा (सेरेबेलमचा) आकडा वजा करायचा. १९८६ मध्ये बाल्टिमोरच्या गटाला औषध न घेतलेल्या स्किझोफ्रेनिया रुग्णांत डी२ दुपटीहून जास्त आढळले. स्टॉकहोमच्या गटाला फरकच दिसला नाही. पहिल्यांचा लिगंड स्पायपेरोनच्या घराण्यातला, दुसऱ्यांचा रॅक्लोप्राइड हा वेगळाच.