फोल्डर हलला, सेव्ह मागेच राहिलं

सी ड्राइव्ह भरत आला म्हणून एक जुना गेम मी कट-पेस्ट करून डी ड्राइव्हवर टाकला. चालू केला, तर पडद्यावर फक्त 'न्यू गेम'. 'कंटिन्यू' राखाडी. चाळीसेक तासांचा खेळ गायब! गंमत म्हणजे, ते सेव्ह त्या फोल्डरमध्ये आधीही नव्हतंच.

गेमचा बोजा असतो तो चित्रांचा, आवाजांचा, नकाशांचा. तो पुन्हा उतरवता येतो. सेव्ह म्हणजे खेळाडू कुठे उभा आहे, थैलीत काय आहे, कुठलं दार उघडलंय, एवढ्याच नोंदी. बऱ्याचदा काही केबींत मावतात, पण त्या दुसऱ्या कुणाकडे नसतात.

मग त्या जातात कुठे? विंडोज एक्सपीवर बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणूनच वावरायचे, त्यामुळे गेम आपल्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये, बिनधास्त लिहायचे. 2007 मध्ये घरोघरी आलेल्या व्हिस्टाने त्याला मज्जाव केला. पण मग जुने प्रोग्राम बंदच पडले असते. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक हातचलाखी केली, आणि ती मला भयंकर आवडते. जुना 32-बिट प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज 'झालं' म्हणते आणि फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमधल्या 'लोकल'खाली, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. आत मूळ पत्त्याची हुबेहूब नक्कल असते. वाचताना आधी तिथे पाहायचं, नसेल तर खऱ्या जागी. गेमला वाटतं, सेव्ह आपल्याच शेजारी आहे. फाइल एक्सप्लोररला मात्र ही चलाखी लागू नाही, त्यामुळे आपल्याला तिथे काहीच दिसत नाही.

डी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरला हे संरक्षण नाही, म्हणून वळवणंही नाही. गेम शेजारी पाहतो आणि हात हलवत परततो.

यावर हमखास मिळणारा ताईत म्हणजे 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. प्रोग्राम फाइल्समध्येच असलेल्या गेमवर तो बांधला, तर वळवणं बंद होतं आणि नवी सेव्ह खऱ्या फोल्डरमध्ये पडू लागतात. पुढे साध्या पद्धतीने चालवलं की गेम पुन्हा व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनी उचलतो. एकाच गेमचे दोन इतिहास! क्लाउड आहे म्हणून निर्धास्त राहणंही तसंच. सिंक, म्हणजे इथली फाइल आणि क्लाउडवरची प्रत सारखी ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलेलं तिकडेही पुसलं जाऊ शकतं.

नवे गेम बहुधा डॉक्युमेंट्स, सेव्ह्ड गेम्स किंवा ॲपडेटामध्ये लिहितात. नेमकी जागा हुडकायची तर गेममध्ये सेव्ह करा, बाहेर पडा आणि लपलेले फोल्डर दिसू देऊन या ठिकाणी आत्ताच्या वेळेची फाइल शोधा. तो अख्खा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा (कट नव्हे), मगच गेम हलवा. नव्या जागी सेव्ह उघडेपर्यंत कॉपीला हात लावू नका.

माझी फाइल सापडली: 212 केबी, आदल्या रात्री 11:40 ची. डी ड्राइव्हवर गेमशेजारी ठेवली आणि 'कंटिन्यू' पांढरं झालं.