तवंग तेलाचा की लोखंडाचा? माती साफ करणाऱ्या जिवाणूंची पार्श्वभूमी

पाऊस ओसरला की गोव्यातल्या डिचोली-सत्तरी या खाणपट्ट्याकडच्या चरांत आणि कुळागरांच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांच्या पाटांत साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. गावात लगेच बोलणं सुरू होतं: ट्रकवाल्याने डिझेल सांडलं, नाहीतर वरून खाणीचं पाणी आलं. अशा वेळी एक काडी घ्यावी आणि तवंगात फिरवावी. तेल असेल तर फाटलेला तवंग काडी काढताच पुन्हा जुळून येतो. लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचा असेल तर त्याचे काचेसारखे तुकडे होतात आणि ते तसेच तरंगत राहतात. आपल्या जांभ्याच्या भूमीत पुष्कळदा हा दुसरा प्रकार निघतो.

तेल खाणारे जिवाणू वेगळे, लोखंडाशी व्यवहार करणारे वेगळे. ‘जिवाणू प्रदूषित माती साफ करतात’ असं आपण सरसकट म्हणतो, तेव्हा या दोघांना एका पंगतीला बसवतो. मग खाणपट्ट्यातला शेतकरी विचारतो, "तेल खाणारे जिवाणू आहेत म्हणता, मग आमच्या शेतातला खाणीचा गाळ ते का खात नाहीत?" प्रश्न रास्त आहे.

आधी खाण्याबद्दल. नेदरलँड्समध्ये १९०६ साली झोंगेन या शास्त्रज्ञाने मिथेन वायूवर जगणारा जिवाणू दाखवला. १९४६ पर्यंत या विषयावर इतकं काम साठलं होतं की अमेरिकेतल्या झोबेल यांनी तेलावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा सविस्तर आढावाच लिहिला. त्यामागचं तत्त्व सोपं आहे. पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. जिवाणूची विकरं (एन्झाइम) त्या साखळीत ऑक्सिजन घुसवतात, साखळी तुटत जाते आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. मात्र नुसत्या तेलावर जिवाणूचं पोट भरत नाही, त्याला नत्र आणि स्फुरदही लागतं. ढोबळ हिशेब असा: कार्बन १०० भाग, नत्र १०, स्फुरद १. ज्याने शेतात युरिया टाकलाय त्याला हे वेगळं समजवायला नको.

हेच गणित १९७२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या अँबलर गावी कामाला आलं. तिथे पाइपलाइन फुटून पेट्रोल जमिनीत मुरलं होतं. सन ऑइल कंपनीच्या रिचर्ड रेमंड यांनी बाहेरून जिवाणू आणले नाहीत. जमिनीतल्याच जिवाणूंना त्यांनी हवा दिली आणि खत दिलं. या विद्येचा पाया इथे पडला असं मला वाटतं, पण प्रसिद्धी मिळाली ती दुसऱ्याच कामाला.

जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या आनंद मोहन चक्रवर्ती या बंगाली शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या जिवाणूंमधले तेल पचवणारे गुण एकाच जिवाणूत एकत्र आणले आणि १९७२ मध्येच पेटंट मागितलं. सजीवावर पेटंट देता येतं का, यावर खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ जून १९८० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्ती जिंकले. कायद्याच्या इतिहासात हा निकाल फार मोठा आहे. गंमत म्हणजे तो जिवाणू खऱ्या तेलगळतीवर कधी सोडलाच गेला नाही.

मार्च १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ हे टँकर खडकावर आदळलं, सुमारे ३७ हजार टन तेल समुद्रात गेलं. तेव्हाही किनाऱ्यावर फवारलं ते खतच. जिवाणू तिथे आधीपासून होते. भारतात दिल्लीच्या टेरी संस्थेत बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑइलझॅपर’ तयार केलं. तेल खाणाऱ्या काही जिवाणूंचा हा जथ्था मक्याच्या कणसाच्या भुकटीत मिसळून ठेवतात. रिफायनऱ्यांच्या तेलकट गाळावर तो वापरला गेला, आणि २०१० मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांच्या टकरीनंतर किनाऱ्यावर आलेल्या तेलावरही.

गोव्यातली तेलाची बाजू मे महिन्यात किनाऱ्यावर अनवाणी चालणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. डांबराचा गोळा तळव्याला चिकटतो, साबणाने जात नाही. घरी आल्यावर खोबरेल चोळावं लागतं. हे गोळे कुठून येतात याचा शोध दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बरीच वर्षं घेतला आहे, आणि बोट टँकरांकडे तसंच बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडेही गेलं आहे. याच गोळ्यांवर राहणारे जिवाणू आणि बुरश्याही तिथल्या संशोधकांनी वेगळ्या केल्या आहेत. घाणीत तगलेला जीवच ती घाण पचवायला उपयोगी पडेल, असा हा साधा विचार.

आता खाणीकडे. लोखंड, मँगनीज ही मूलद्रव्यं. त्यांना तोडून त्यांचं पाणी-वायू करता येत नाही. जिवाणू फार तर त्यांचं रूप बदलतो: विरघळणारं असेल तर न विरघळणारं करतो, किंवा उलट. तेल आणि धातू यांच्या मधला एक नमुना गोव्याच्या नद्यांवरच सापडतो. जहाजांच्या तळाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून ट्रायब्युटिलटिन असलेला रंग लावत. त्यात कथिलाला कार्बनच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. समुद्री जीवांना हे रसायन इतकं घातक ठरलं की जहाजांवरची त्याची बंदी २००८ मध्ये जगभर लागू झाली. गोवा विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात या रसायनाला दाद न देणाऱ्या जिवाणूंवर काम झालं आहे. जिवाणू एकेक साखळी कापत जातो, तसं विष उतरत जातं. कथिल मात्र तिथेच राहतं. धातूबाबत जिवाणूची मर्यादा सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

धातूचं रूप बदलणाऱ्या जिवाणूंच्या शोधातलं मोठं पाऊल १९८७ चं. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात डेरेक लव्हली यांना जिओबॅक्टर सापडला. आपण श्वासात ऑक्सिजन वापरतो, तसा हा जिवाणू गंज वापरतो. १९९१ मध्ये लव्हली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की असे जिवाणू पाण्यात विरघळलेल्या युरेनियमचंही रूप बदलून त्याचा साका करू शकतात. युरेनियम नाहीसं होत नाही, पण विहिरीपर्यंत पोचत नाही.

गोव्यात एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावा लागे. २०१०-११ च्या भरभराटीत निर्यात ५ कोटी टनांच्या आसपास होती. मागे किती उपसा पडून राहिला असेल त्याचा हिशेब वाचकानेच करावा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. पावसाला या तारखांशी देणंघेणं नव्हतं. डंपांवरची, म्हणजे या उपशाच्या ढिगांवरची माती दरवर्षी ओहोळांतून शेतात उतरत राहिली. हा गाळ वाळला की त्याचा लेप होतो. नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो, खाली भाताची मुळं गुदमरलेली. इथे मुख्य दुखणं विषापेक्षा मातीच्या पोताचं आहे. त्यात सेंद्रिय अंश जवळपास नाही. जिवाणू हा गाळ उचलून नेणार नाहीत, तो फावड्यानेच काढावा लागतो. बाटलीतलं कल्चर शिंपडून शेत मोकळं करून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

पण गाळ जिथून येतो, त्या डंपावर सूक्ष्मजीव खरोखर कामाचे आहेत. याचा चांगला दाखला नागपूरच्या नीरी संस्थेचा. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागपूर भागातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ओसाड डंपावर साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी घातली, नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांशी जोडी जमवणारी मायकोरायझा बुरशी दिली आणि झाडं लावली. बुरशीचे धागे मुळांच्या पलीकडे पसरून स्फुरद आणून देतात आणि मातीचे कण बांधून ठेवतात. गोव्यातल्या खाणींच्या टाकाऊ मातीतल्या अशा बुरशांचा अभ्यास गोवा विद्यापीठातही झाला आहे. डंपांवर सर्रास दिसणारी ऑस्ट्रेलियन आकेशिया जगते तीही मुळांच्या गाठींतल्या जिवाणूंच्या जोरावर, जरी तिच्या सावलीत दुसरं फारसं काही उगवताना मी पाहिलेलं नाही. राहिली प्रेसमड. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्याचं गाळप बंद पडल्यापासून तीही राज्याबाहेरून आणावी लागणार.

या सगळ्यात नद्यांकाठच्या खाजनांकडे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांकडे संशोधकांचं लक्ष का असतं, ते तिथला चिखल खणल्यावर कळतं. वर नखभर तांबूस थर, त्याखाली एकदम काळा चिखल, आणि सडक्या अंड्याचा वास. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू तिथे हवेशिवाय काम करतात. त्यांनी सोडलेलं सल्फाइड नदीने आणलेल्या लोखंडाला पकडतं, आणि त्याबरोबर इतर काही धातूंनाही. तो काळा रंग त्याचाच. खाजन पाण्याखाली आहे तोवर धातू तिथे अडकून राहतात. खाजन फार काळ कोरडं पडलं, चिखलाला भेगा गेल्या, की हवा आत शिरते, सल्फाइडचं आम्ल होतं आणि अडकलेले धातू पुन्हा पाण्यात सुटतात. म्हणून मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या दाराच्या फळ्या कधी उघडायच्या आणि कधी बंद ठेवायच्या, हा प्रश्न आता भात आणि मासळीपुरता राहिलेला नाही.