आवाज नसलेली गाण्यांची रिळं

अमेरिकेतल्या जुन्या कंट्री संगीताची, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांची, प्रेक्षकांनी घरच्या कॅमेऱ्याने काढलेली फिल्मची रिळं जमवणाऱ्यांची एक गंमत आहे. पदरमोड करून ते जे मिळवतात, त्यात गाणं दिसतं, ऐकू मात्र येत नाही. आवाज बंद करून लावणी बघावी, तसं.

कोडॅकचा हौशी लोकांसाठीचा 16 मिलिमीटरचा कॅमेरा 1923 मध्ये आला, पण तो पैसेवाल्यांचाच छंद राहिला. सामान्यांच्या हातात कॅमेरा आला तो 1932 मध्ये, 8 मिलिमीटरमुळे. युक्ती साधी होती. 16 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मची आधी एक कड वापरायची, मग रीळ उलटं घालून दुसरी. प्रयोगशाळेत ती मधोमध उभी चिरून टोकाला टोक जोडत. 25 फुटांचे 50 फूट व्हायचे आणि चित्र चालायचं जेमतेम चार मिनिटं. कॅमेऱ्यातच आवाज टिपणारी कोडॅकची सुपर 8 फिल्म आली 1973 मध्ये. तोवर कंट्रीचा नामवंत गायक हँक विल्यम्सला जाऊन वीस वर्षं झाली होती, गायिका पॅट्सी क्लाइनला दहा. टीव्हीवरचे कार्यक्रम तेव्हा बहुतेक थेट जायचे. पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून काढलेल्या प्रतीही सरसकट जपल्या गेल्या नाहीत. म्हणून कुणा प्रेक्षकाच्या त्या चार मिनिटांना मोल.

नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम 1943 ते 1974 रायमन सभागृहात होत असे. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांनी थेट स्टेजपाशी जाऊन फोटो काढायचे, असा तिथला मोकळा रिवाज. पण त्या काळची कोडॅकची रंगीत फिल्म कोडाक्रोम प्रकाशाच्या बाबतीत भारी हट्टी. तिचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, अवघा 10 एएसए. सभागृहातले दिवे तिला पुरायचे नाहीत. चांगलं रंगीत चित्रण शोधायचं तर उघड्यावरच्या रविवारच्या जलशांकडे वळावं लागतं: पेनसिल्व्हेनियातलं सनसेट पार्क, मेरीलँडमध्ये रायझिंग सनजवळचं न्यू रिव्हर रँच. लाकडी स्टेज, समोर बाकडी, सहकुटुंब आलेली मंडळी आणि दिवसाउजेडी गाणारे नामांकित गायक. हॉलिवूडचा शिंपी न्यूडी कोहनच्या धाटणीचा, खडे जडवलेला भडक सूट असेल तर विचारूच नका. अंधारात नीट ठेवलेल्या कोडाक्रोमवर तो लाल रंग आजही लालच असतो.

गाणं मात्र अख्खं सापडत नाही. कॅमेरा चावीचा, एकदा चावी दिली की साधारण अर्धा मिनिट चालणार. शिवाय फिल्म महाग, त्यामुळे हात आखडता. फिडलवाला आठ सेकंद, मग गायिका, मग मध्येच घरचं पोर आइस्क्रीम खाताना. ते पोर कापून टाकणारे संग्राहक असतात. माझ्या मते तो करंटेपणा आहे. रीळ कुठल्या दिवसाचं, हे कधीकधी त्या पोराच्या मागे उभ्या गाडीवरूनच कळतं.

याच बाजारात ‘साउंडीज’ही मिळतात. 1940 च्या दशकात हॉटेलांत, बारमध्ये नाणं टाकून बघायच्या यंत्रासाठी काढलेली ही तीनेक मिनिटांची बोलकी गाणी. त्यांतली काही पुढे घरी दाखवायला विकली गेली. त्या यंत्रात चित्र आरशावरून पडद्यावर पडे, म्हणून मूळ प्रती उलट्या छापलेल्या. साध्या प्रोजेक्टरवर लावली की नावं आरशातल्यासारखी उलटी आणि यच्चयावत गिटारवाले डावखुरे!

मुक्या रिळातलं गाणं ओळखायला ओठ आणि गिटारवरची बोटं बघतात. त्याआधी वेग जुळवावा लागतो: 8 मिलिमीटरचं चित्रण सेकंदाला 16 चौकटींचं, ते 24 ने चालवलं तर बँजोवाला अंगात आल्यासारखा दिसतो. सालासाठी फिल्मच्या कडेला कोडॅकने छापलेल्या वर्तुळ, चौकोन, त्रिकोणाच्या खुणा भिंगातून बघतात. त्या दर वीस वर्षांनी फिरून येतात आणि सांगतात फक्त फिल्म बनल्याचं साल. ती कॅमेऱ्यात कधी पडली, ते नाही.

आणि हे सगळं डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला नाही तर. तो आला म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया कुजायला लागला. तसं रीळ आधी बाकीच्यांपासून दूर ठेवायचं आणि प्रोजेक्टरवर न चढवता थेट स्कॅनिंगला द्यायचं.